आडात असेल तर पोहऱ्यात

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात, ते घर बांधणाऱ्या मालकाची दमछाक बघून. पण जो माणूस वर्षानुवर्षं एकामागून एक दुसऱ्यांची घरं बांधून देतो, त्याच्या दमछाकीवर मात्र कुणी म्हण काढलेली नाही. बांधकाम व्यवसाय म्हटला की आपल्याला आठवतो तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात देणारा मोठा बिल्डर. प्रत्यक्षात इमारत उभी राहते ती छोट्या ठेकेदारांच्या खांद्यावर. कुणी आरसीसीचं काम घेतलेलं, कुणी वीटकाम-प्लास्टर, कुणी फक्त सेंट्रिंग. पंधरा-वीस माणसं हाताखाली, एक जुनी दुचाकी, दिवसभर वाजणारा फोन आणि शर्टाच्या खिशात कोंबलेल्या चिठ्ठ्या. हाच त्याचा व्यवसाय आणि हेच त्याचं ऑफिस!

या माणसावर ताण कसला, हे समजून घ्यायचं तर पैसा कसा फिरतो ते बघावं लागेल. मजुरांना दर आठवड्याला खर्ची द्यावीच लागते, कारण त्यांची चूल त्यावर पेटते. वाळू-खडीवाला, सळईवाला फार दिवस थांबत नाही. ठेकेदाराच्या हातात पैसे येतात ते मात्र काम मोजून, बिल लावून, ते मंजूर झाल्यावर. समजा त्याने दहा लाखांचं बिल लावलं. त्यातून पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार ‘रिटेन्शन’ म्हणून मागे ठेवले जातात. टीडीएस कापला जातो. जीएसटी साधारण १८ टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं, पण उरलेला कर बिलाच्या महिन्याप्रमाणे, पुढच्या महिन्याच्या विवरणपत्राबरोबर भरायचा. समोरच्याने पैसे दोन महिन्यांनी दिले तरी सरकार काही दोन महिने थांबत नाही. २०१७ पासून ही पद्धत आहे. म्हणजे काम याचं, पैसे दुसऱ्याकडे अडकलेले, आणि कर मात्र याच्या खिशातून.

त्याच वर्षी, १ मे २०१७ पासून आपल्याकडे रेरा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. घर घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना त्याने मोठाच दिलासा दिला. ताबा द्यायची तारीख बिल्डरला जाहीर करावी लागते, उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. हे सगळं हवंच होतं. पण तारखेचा दबाव पाण्यासारखा उतारावर धावतो. बिल्डर ठेकेदाराला दटावतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम गवंड्याला, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईला.

घाईचा एकच नमुना सांगते. स्लॅब टाकल्यावर त्याखालचे टेकू किती दिवस ठेवायचे हे ठरलेलं आहे. साध्या सिमेंटच्या कामाला, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यातल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब तुळईखाली २१ दिवस. आता हे सेंट्रिंगचं सामान पुष्कळदा भाड्याचं असतं. जितके दिवस जास्त, तितकं भाडं जास्त. पुढचा मजला खोळंबलेला. अशा वेळी ‘स्लॅब नक्की कधी टाकला होता रे?’ या प्रश्नाला ‘झाले असतील की आठ-दहा दिवस’ असं उत्तर येतं, तेव्हा पोटात गोळा येतो. ती तारीख कुठेच लिहिलेली नसते! खाली माणसं काम करत असतात आणि भरवसा असतो तो कुणाच्या तरी आठवणीवर.

आता तुम्ही म्हणाल, महिलांच्या पुरवणीत हे सेंट्रिंग आणि स्लॅब कशाला? सांगते. हा सगळा कारभार शेवटी येऊन पडतो तो घरातल्या बाईच्या पदरात. नवरा रात्री नऊला दमून येतो, खिसे रिकामे करतो, आणि जेवणं आटोपली की ओट्याशेजारच्या टेबलावर बायको चलनं लावायला बसते. ती या धंद्याची कारकून, खजिनदार, टेलिफोन ऑपरेटर, सगळं काही. उधारीवाल्याचा फोन तिनेच घ्यायचा, ‘साहेब बाहेर गेलेत’ तिनेच सांगायचं, खर्चीला पैसे कमी पडले की बांगड्याही तिच्याच. पगार? तो कसला असतो!

आम्ही सात-आठ जणी मिळून पुण्याच्या कडेच्या वस्त्यांमधून बांधकाम मजुरांची नोंदणी करून देण्याचं काम करतो. त्यामुळे ही घरं आतून बघायला मिळतात. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. त्याखाली बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा, महाराष्ट्रात तो एक टक्का आहे, आणि त्यातून मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ चालवायचं. मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात माणूस गेला तर कुटुंबाला आधार, अशा मंडळाच्या योजना आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यात सामावला गेला. पण नोंदणीची मुख्य अट तीच राहिली. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला.

हा ९० दिवसांचा दाखला म्हणजे आमचा सगळ्यात अवघड घाट. ठेकेदाराकडे मागायला गेलं की तो टाळतो. पहिल्यांदा वाटायचं, याला गरिबांची पर्वा नाही. काहींना नसतेच. पण बरेच जण टाळतात ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्याकडे हजेरीची धड वहीच नसते. कुणी किती दिवस काम केलं ते मुकादमाच्या डोक्यात, आणि मुकादम होळीला गावी गेला की हिशेबही त्याच्याबरोबर गावी. सही करायची तर कशाच्या भरवशावर करायची?

असाच दाखला मागायला एका ठेकेदाराच्या घरी गेले असताना त्यांच्या बायकोची, आमच्या वहिनींची ओळख झाली. वहिनी मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, माझ्यासारख्याच. त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. महिन्यामहिन्याच्या कॅरीबॅगा, त्यात चलनं, पेट्रोलच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, एका पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली उचल. म्हणाल्या, “ताई, ह्यातून तुमच्या बायकांचे नव्वद दिवस काढा, आणि सापडले तर आमचे मागच्या कामाचे सव्वा लाखही काढा.”

ते सव्वा लाख होते जादा कामाचे. बंगल्याचा मालक साइटवर यायचा, म्हणायचा, ‘ही खिडकी जरा सरकवा, इथे एक कट्टा करा, ओटा दोन फूट वाढवा.’ ठेकेदार ‘करू साहेब’ म्हणायचा आणि करायचा. शेवटच्या बिलात ते लावलं की मालक म्हणाला, ‘मी असं कधी सांगितलं?’ लिहिलेलं काहीच नव्हतं. ना मालकाची सही, ना तारीख.

त्याच सुमारास त्यांच्या कॉलेजातल्या मुलाने फोनवर एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचं अ‍ॅप घालून दिलं होतं. “आई, आता हेच सगळं करेल,” म्हणाला. वहिनींनी त्यातल्या दहा-बारा चलनांचे फोटो टाकले आणि विचारलं, आमचं येणं किती, देणं किती? त्याने तक्ता छान करून दिला. पण जी चलनं हरवली ती त्याला कुठून दिसणार? ज्या जादा कामाचा कागदच नाही, ते त्याला कसं कळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पोहरा कितीही नवा, चकचकीत असो.

म्हणून वहिनींनी आधी आड भरायचं ठरवलं. तीन महिने त्यांनी फक्त चार गोष्टी लावून धरल्या, आणि त्या इतक्या साध्या आहेत की कुठल्याही घरात जमतील.

पहिली, हजेरी. रोज संध्याकाळी सहाला मुकादमाने हजेरीच्या पानाचा फोटो पाठवायचा. नाव, आलेला की खाडा, अर्धा दिवस की पूर्ण, उचल किती. फोटो आला नाही तर त्या आठवड्याच्या खर्चीचा हिशेब पुढे सरकणार नाही, हे नवऱ्याकडून वदवून घेतलं.

दुसरी, आवक. माल उतरला की चलनाचा आणि मालाचा, दोन्हींचा फोटो तिथल्या तिथे. सळईचं वजन कसं पडताळायचं ते वहिनी शिकल्या. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा मिलिमीटरची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ०.८९ किलो. बारा मीटर लांबीचे शंभर नग आले तर वजन १,०६७ किलोच्या आसपास हवं. थोडाफार फरक चालतो, पण काट्याची चिठ्ठी त्याहून फारच वेगळी दिसली तर फोन करायचा. गणिताला घाबरून आर्ट्सला गेलेल्या बाईने सळईवाल्याला हे तोंडावर सांगितलं, तेव्हा तो म्हणे खुर्चीत सरळ बसला!

तिसरी, जादा काम. मालकाने तोंडी काही सांगितलं की त्याच रात्री त्याला निरोप जायचा: ‘आज आपण अमुक बदल सांगितलात, त्याला अंदाजे इतका खर्च व इतके दिवस लागतील, कृपया होकार कळवावा.’ होकार आला की काम.

आणि चौथी, तारखा. स्लॅब कधी टाकला, सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे कधी द्यायचे, पाणी मारायचं किती दिवस, टेकू कधी काढायचे. हे साइटवर फळ्यावर आणि घरी कॅलेंडरवर. आपण दुधाचे खाडे लिहितो ना भिंतीवरच्या कॅलेंडरवर, अगदी तसंच.

हे सुरू झालं आणि मग तो पोहरा उपयोगी पडायला लागला. हजेरीच्या पानांचे फोटो घालून आठवड्याचा तक्ता करायला पूर्वी अख्खा रविवार जायचा, तो आता सकाळच्या चहाबरोबर होतो. तीन दुकानांची कोटेशनं, एकात वाहतूक धरलेली, एकात नाही, एकात कर वेगळा. ती एका पातळीवर आणून शेजारी शेजारी मांडून मिळतात. मोठ्या कामाच्या निविदेची शंभर पानं इंग्रजीत असतात. दंड कुठे, रिटेन्शन कधी परत, बिल किती दिवसांत, एवढंच मराठीत काढून मागता येतं, आणि मग ती पानं स्वतः उघडून खात्री करता येते. आर्किटेक्टला इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं की ठेकेदाराचे हात थरथरायचे. आता तो मराठीत बोलून सांगतो आणि पत्राचा मसुदा तयार होतो. स्वतःच्या हक्काचे पैसे मागायला भाषा आडवी येऊ नये, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पण डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही. एकदा थकलेल्या बिलाचं पत्र लिहून मागितलं, तर त्याने ऐटीत लिहिलं, ‘करारातील कलम १४ नुसार...’ वहिनी खो खो हसल्या. लेखी करारच नव्हता, तर कलम १४ कुठलं? एकदा मुकादमाने आवाजी निरोपात ‘पावणेदोनशे विटा फुटक्या’ म्हटलं, ते तक्त्यात दोनशे झालं. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्येही गोंधळ होतो. म्हणून वहिनींचा नियम असा, की पैशाचा आकडा आणि माणसाचं नाव, या दोन गोष्टी मूळ कागदाशी ताडल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. आणि मजुरांच्या आधार कार्डांचे, बँक पासबुकांचे फोटो अशा अ‍ॅपमध्ये टाकायचे नाहीत. त्यांनी ते आपल्यावर विश्वासून दिलेले असतात.

दुसरी भीती याहून मोठी आहे. हीच यंत्रं दबाव कमी करायला वापरता येतात तशी वाढवायलाही. काही साइटवर अंगठ्याची हजेरी आली. सिमेंटने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटतच नाहीत, आणि दिवसभर राबलेल्या गवंड्याचा खाडा पडतो! उद्या कॅमेरा लावून ‘कोण किती वेळ बसलं’ हेही मोजता येईल. तान्ह्या बाळाला पाजायला बसलेली आई त्यात ‘रिकामी’ दिसेल. हिशेब यंत्राने करावा, पण माणसाचा निवाडा माणसानेच करावा, समोर बसवून, त्याचं म्हणणं ऐकून.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. वहिनींकडे हजेरीचा पहिला तक्ता तयार झाला तेव्हा मी तो बघायला गेले. सगळी पुरुषांची नावं! “बायका कुठे आहेत?” मी विचारलं. तर कळलं, नवरा-बायको कामाला असले की मुकादम ‘जोडी’ लिहितो, नाव नवऱ्याचं आणि रक्कम दोघांची मिळून. बाई वर्षभर घमेली वाहते आणि कागदावर ती नसतेच. तिचे ९० दिवस कुठून निघणार? तिला बाळंतपणाची मदत कोण देणार? नवरा सोडून गेला किंवा वारला, तर ती इथे राबली होती याचा पुरावा काय? अगदी हुशार यंत्रालाही या तक्त्यातून ती सापडली नसती. त्याला दिसलं असतं एवढंच, की या साइटवर एकही बाई काम करत नाही.

वहिनींनी मुकादमाला बोलावून सांगितलं, की उद्यापासून जोडी बंद, दोन नावं, दोन ओळी, दोन हजेऱ्या. तो कुरकुरला. नवऱ्यांपैकीही एक-दोघे कुरकुरले, कारण दोन ओळी म्हणजे तिची मजुरी किती ते उघड, आणि उद्या ती आपल्या हातात मागेल ही धास्ती. शिवाय दोन ओळींमुळे आणखी एक गोष्ट उघडी पडली. बाईची मजुरी बिगाऱ्याच्या मजुरीपेक्षा कमी धरलेली होती, काम तेवढंच असून. त्यावर ठेकेदाराच्या घरात दोन दिवस वाद चालला. दर पूर्ण सारखा अजून झालेला नाही, पण फरक पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, आणि तो आता कागदावर दिसतो. दिसणारी गोष्ट मागता येते.

त्या साइटवरच्या अकरा बायकांचे दाखले गेल्या पावसाळ्याच्या आधी मिळाले. ठेकेदाराने सही करताना काही टाळाटाळ केली नाही, कारण प्रत्येकीच्या नावापुढे तारखांसकट दिवस होते. त्यातली एक मला म्हणाली, “दीदी, मेरा नाम अलग से लिखा है?” तिने कागद दोन-तीनदा उलटासुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिचं बोट धरून ते नावावर ठेवलं.

ते बुडालेले सव्वा लाख मात्र परत आले नाहीत. ते येणारही नाहीत. पण पुढच्या कामात मालकाने जिन्याचा कठडा बदलायला सांगितला, तेव्हा त्याच रात्री निरोप गेला आणि सकाळी ‘ओके’ आलं. त्या बिलावर भांडण झालं नाही. ठेकेदाराचा रक्तदाब मी मोजलेला नाही, पण वहिनी म्हणतात की आता रविवारी ते दुपारी झोपतात.

एक गोष्ट वहिनींनी स्वतःसाठीही केली. हिशेबाच्या तक्त्यात महिन्याच्या खर्चात एक ओळ वाढवली, ‘कार्यालयीन काम’, आणि त्यापुढे स्वतःचं नाव. रक्कम फार नाही. नवऱ्याने विचारलं, “ही कुठली नवी बाई?” त्या म्हणाल्या, “जुनीच आहे, आत्ता हजेरीवर घेतलीय!”

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा व्यवसाय असेल तर आजच कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. एक वही, एक ठरलेली वेळ आणि फोनचा कॅमेरा, एवढ्यावर तीन महिने काढा. मग यंत्राला कामाला लावा. आणि तुमच्या घरात तसा व्यवसाय नसला, तरी तुम्ही यातून सुटलेल्या नाही. घराची डागडुजी, सोसायटीचं प्लास्टर, स्वयंपाकघराचा नवा ओटा, कधी ना कधी आपण सगळ्याच ‘मालक’ होतो. तेव्हा ‘जरा हे पण करून टाका हं’ असं जाता जाता म्हणू नका. काय बदल हवा ते लिहून द्या, किंमत विचारा, आणि ठरलेल्या दिवशी पैसे द्या. आपण थकवलेले आठ दिवस शेवटी कुणाच्या चुलीपर्यंत पोचतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि पुढच्या वेळी एखाद्या साइटवर गेलात, तर हजेरीची वही जरूर बघायला मागा. तिथे राबणाऱ्या बायका त्या वहीत आहेत ना, एवढंच बघा.